पेट्रियट्सचे नेतृत्व, रिसीव्हरची निवड आणि चाहत्यांची चिडचिड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोस्टनच्या आसपास राहणाऱ्या अनेक मराठी घरांत सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत रविवारची दुपार न्यू इंग्लंड पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या नावे लिहून ठेवलेली असते. दुपारी एकचा सामना पुण्यात रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात घड्याळे मागे गेल्यावर साडेअकराला सुरू होतो, त्यामुळे फोनवरचे नातेवाईक झोपेच्या आवाजात विचारतात, ‘एवढा जिंकणारा संघ, मग तू सारखा चिडलेला का असतोस?’ नव्याने इकडे आलेले मित्रही फिरून फिरून तेच विचारतात. त्या सगळ्यांना दरवेळी नव्याने उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवावे, या विचाराने पुढील प्रश्नोत्तरे तयार केली आहेत.

हे फुटबॉल कोणते आणि त्यात रिसीव्हर म्हणजे नेमके कोण?

हे अमेरिकन फुटबॉल आहे आणि त्यात पायाचा उपयोग चेंडू मारण्यापेक्षा धावण्यासाठीच जास्त होतो. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि तो बहुतेक वेळा फेकतो. तो झेलण्यासाठी जे खेळाडू मैदानाच्या कडेने किंवा मधल्या भागातून वेगाने धावत सुटतात, त्यांना रिसीव्हर म्हणतात. क्वार्टरबॅक कितीही थोर असला तरी पलीकडे झेलणारे हात नसतील तर त्याची फेक वाया जाते, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे सगळे समजेल.

सहा वेळा सुपर बोल जिंकलेल्या संघाच्या चाहत्याने कुरकुर करावी का?

हा प्रश्न इतर संघांचे चाहते विचारतात तेव्हा त्यात थोडी चीड असते, आणि ती समजण्यासारखी आहे. बिल बेलिचिक २००० मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि २००१ ते २०१८ या हंगामांमध्ये पेट्रियट्सने सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, सहा वेळा जिंकला. एकदाही सुपर बोल न जिंकलेल्या डेट्रॉइटच्या किंवा क्लीव्हलँडच्या माणसासमोर आम्ही रडगाणे गाऊ नये, हे मलाही मान्य आहे.

तरीही तक्रार आहे आणि ती हरण्याबद्दल नाही. तीच चूक वीस वर्षे त्याच पद्धतीने होत राहावी, ती सगळ्यांना दिसावी आणि ती दाखवून देण्याचा अधिकार मात्र संस्थेत कोणालाच नसावा, याबद्दल ती आहे. घरातल्या कर्त्या पुरुषाने घर उत्तम चालवले म्हणून त्याने दरवर्षी आणलेले किडके धान्य निमूटपणे निवडत बसावे, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

ड्राफ्ट हा काय प्रकार आहे?

महाविद्यालयीन स्पर्धांमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची दर एप्रिलमध्ये होणारी वाटणी म्हणजे ड्राफ्ट. आयपीएलसारखा पैशांचा लिलाव येथे नसतो. ३२ संघ सात फेऱ्यांमध्ये ठरलेल्या क्रमाने खेळाडू निवडतात आणि आदल्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी केलेल्या संघाचा नंबर सर्वांत आधी लागतो, तर विजेत्याचा सर्वांत शेवटी. संघ आपापसांत क्रमांकांची देवघेव करू शकतात. पुढे संघाचा थोर क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रेडी २००० मध्ये सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर मिळाला, ही गोष्ट येथे शाळकरी मुलांनाही पाठ असते.

बेलिचिक यांची बाजू घेणारे म्हणतात की सतत जिंकत राहिल्यामुळे संघाचा क्रमांक नेहमीच शेवटी लागत असे आणि उत्तम रिसीव्हर तोवर संपलेले असत. पहिला भाग खरा आहे. दुसरा किती खरा आहे, ते २०१९ च्या प्रश्नात पाहू.

प्रशिक्षकच खेळाडू निवडतो, हे सर्वत्र असेच असते का?

नाही, आणि या साऱ्या कहाणीची मेख येथेच आहे. बहुतेक संघांत खेळाडू निवडण्याचे काम जनरल मॅनेजर करतो आणि त्यांना खेळवण्याचे काम प्रशिक्षक. क्रिकेटमध्ये निवड समिती आणि प्रशिक्षक यांच्यात जशी ओढाताण चालते, तशी येथेही चालते आणि त्या ओढाताणीतूनच बऱ्याचदा शहाणा निर्णय बाहेर पडतो.

पेट्रियट्समध्ये ही ओढाताण एका रिसीव्हरवरूनच तुटेपर्यंत ताणली गेली होती. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये तेव्हाचे प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांना बचावफळीचा खेळाडू हवा होता. मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी आपल्या निवड विभागाच्या बाजूने कौल दिला आणि सातव्या क्रमांकावर टेरी ग्लेन हा रिसीव्हर घेतला गेला. ग्लेनने पहिल्याच हंगामात ९० झेल घेतले, जो नवख्या खेळाडूसाठी त्या वेळी विक्रम होता, आणि संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला. पार्सेल्स मात्र त्यानंतर संघ सोडून गेले आणि जाताना जे बोलले त्याचा आशय असा होता की स्वयंपाक माझ्याकडून करून घ्यायचा असेल तर बाजारहाटही थोडीफार मला करू द्या.

चार वर्षांनी बेलिचिक आले तेव्हा क्राफ्ट यांनी स्वयंपाकघर आणि बाजाराची पिशवी दोन्ही त्यांच्या हाती दिली. जनरल मॅनेजर हे पद कागदावर कोणालाच मिळाले नाही. निक कसेरिओसारखे जाणकार सहकारी बरीच वर्षे होते, पण शेवटचा शब्द बेलिचिक यांचाच. गंमत अशी की ज्या निर्णयावरून मालकाने हात पोळून घेतले, तो ग्लेनचा निर्णय खेळाच्या दृष्टीने बरोबरच ठरला होता. ब्रेडीने व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला टचडाउन पास (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवून देणारी फेक) ऑक्टोबर २००१ मध्ये फेकला, तो ग्लेननेच झेलला. त्यानंतर पहिल्या फेरीत दुसरा रिसीव्हर निवडायला या संघाने २०१९ साल उजाडू दिले.

२०१९ मध्ये नेमके काय घडले?

फेब्रुवारीत संघाने रॅम्सला १३-३ असे हरवून सहावे विजेतेपद मिळवले होते. मार्चमध्ये ब्रेडीच्या फेकी झेलणाऱ्या रॉब ग्रॉन्कोव्स्कीने निवृत्ती जाहीर केली. ब्रेडी एक्केचाळीस वर्षांचा होता आणि त्याचा सर्वांत भरवशाचा रिसीव्हर ज्युलियन एडलमन तेहतिशीला टेकला होता. रिसीव्हर हवा, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

नॅशव्हिलमध्ये झालेल्या ड्राफ्टच्या पहिल्या रात्री, अगदी शेवटच्या म्हणजे ३२ व्या क्रमांकावर पेट्रियट्सने अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचा नकील हॅरी निवडला. उंच, धिप्पाड, गर्दीत उडी मारून चेंडू खेचून घेणारा खेळाडू. त्या रात्री मी सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवल्या होत्या, हेही येथे नोंदवून ठेवतो.

आता त्याच्या नंतर कोण निवडले गेले ते पाहा. ३६ व्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्कोने डीबो सॅम्युएल घेतला. ५१ व्या क्रमांकावर टेनेसीने ए. जे. ब्राउन, ६४ व्या क्रमांकावर सिअॅटलने डी. के. मेटकाफ आणि ७६ व्या क्रमांकावर वॉशिंग्टनने टेरी मॅकलॉरिन. ब्राउनने पहिल्याच हंगामात झेलांतून मिळवलेल्या हजार यार्ड अंतराचा टप्पा ओलांडला. सॅम्युएलने २०२१ मध्ये १,४०५ यार्ड मिळवले. हॅरीचा घोटा दुखावला, अर्धा हंगाम तो बाहेर बसला आणि वर्षअखेर त्याच्या नावावर १२ झेल व १०५ यार्ड जमा झाले. तीन हंगामांत मिळून ५७ झेल, ५९८ यार्ड, चार टचडाउन. जुलै २०२२ मध्ये त्याला शिकागोला दिले, तेव्हा बदल्यात दोन वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधली सातव्या फेरीची एक निवड मिळाली. म्हणजे रद्दीच्या भावात म्हटले तरी चालेल.

येथे बहुतेक चर्चा थांबते, पण मला त्याहून जास्त खटकते ती दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुसऱ्या फेरीत पेट्रियट्सने दोन निवडी मोजून ५६ व्या क्रमांकावरून ४५ व्या क्रमांकावर उडी घेतली. त्या क्षणी ब्राउन आणि मेटकाफ दोघेही शिल्लक होते. ती उडी घेतली जोजुआन विल्यम्स या बचावपटूसाठी, ज्याला पुढे संघात पक्के स्थान कधीच मिळाले नाही. एकदा चुकलेला नेम नशिबावर ढकलता येतो. दोन दिवसांत दोन वेळा त्याच खेळाडूंकडे पाठ फिरवली गेली, तेव्हा संघाची आवडनिवडच तशी आहे असे म्हणावे लागते.

ही सगळी पश्चातबुद्धी नाही का?

काही अंशी आहेच. पश्चातबुद्धीने सगळेच पंडित होतात. ब्राउनला आणि मेटकाफला इतर संघांनीही पहिल्या फेरीत सोडले होते आणि ड्राफ्टमधली निवड हा शेवटी जुगार असतो. केवळ हॅरीचे उदाहरण घेऊन कोणी नेतृत्वाला नालायक ठरवत असेल तर त्याच्याशी मी सहमत होणार नाही. मात्र एखादा माणूस प्रत्येक पत्ता चांगला खेळतो आणि एकाच रंगाचे पान हातात आले की दरवेळी गोंधळतो, असे दोन दशके दिसले तर त्याला जुगार म्हणून सोडून देणे हा भाबडेपणा आहे.

मग हॅरीच्या आधी आणि नंतर कोण होते?

सुरुवात चांगली होती. २००२ मध्ये दुसऱ्या फेरीत डीऑन ब्रँच मिळाला आणि त्याने फेब्रुवारी २००५ च्या सुपर बोलमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकावला. पण २००६ मध्ये त्याच्याशी मानधनावरून बिनसले आणि त्याला सिअॅटलला देऊन टाकण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ग्रीन बेला जास्तीची निवड देऊन पेट्रियट्स ५२ व्या क्रमांकावरून ३६ व्या क्रमांकावर सरकले होते आणि त्यांनी चॅड जॅक्सन घेतला होता. ग्रीन बेने मिळालेल्या त्याच ५२ व्या क्रमांकावर ग्रेग जेनिंग्ज घेतला, जो पुढे त्यांच्या विजेत्या संघाचा आधारस्तंभ झाला. जॅक्सनने पहिल्या हंगामात १३ झेल घेतले. जानेवारी २००७ मध्ये इंडियानापोलिसविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात पेट्रियट्स २१-३ असे पुढे होते आणि ३८-३४ असे हरले. उसन्या रिसीव्हरांच्या जोरावर ब्रेडी त्या दिवशी जितका पुढे पोहोचला तेच आश्चर्य.

पुढे २००९ मध्ये तिसऱ्या फेरीत ब्रँडन टेट, २०१० मध्ये टेलर प्राइस, २०१३ मध्ये दुसऱ्या फेरीत अॅरन डॉब्सन. ही नावे आज कट्टर चाहत्यालाही आठवून सांगावी लागतात. २०२२ मध्ये दुसऱ्या फेरीत, ५० व्या क्रमांकावर टायक्वान थॉर्नटन घेतला गेला, तो ४० यार्ड ४.२८ सेकंदांत धावला होता म्हणून. दोनच क्रमांकांनंतर पिट्सबर्गने जॉर्ज पिकन्स घेतला आणि त्याने पहिल्या हंगामात ८०१ व दुसऱ्यात १,१४० यार्ड मिळवले. थॉर्नटनला नोव्हेंबर २०२४ मध्ये संघातून काढले, तोपर्यंत त्याचे एकूण झेल ३९ होते. सरळ रेषेत वेगाने धावणे आणि वळणावर अंगावरचा बचावपटू झटकून मोकळे होणे ही दोन वेगळी कामे आहेत. हे पहिल्या इयत्तेचे ज्ञान या संघाला कोणी शिकवावे, अशी परिस्थिती नव्हती. म्हणूनच ते जास्त लागते.

चांगले रिसीव्हर त्यांनी कधी आणलेच नाहीत का?

आणले, आणि असे आणले की त्यांचे कौतुक करताना शब्द अपुरे पडावेत. २००७ मध्ये ओकलंडकडून रँडी मॉस चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात घेतला आणि त्याने २३ टचडाउनचा विक्रम केला. त्याच वर्षी मायामीकडून वेस वेल्कर घेतला आणि त्याने ११२ झेल घेतले. संघ साखळीतले सोळाही सामने जिंकला आणि शेवटी सुपर बोल न्यूयॉर्क जायंट्सकडून १७-१४ असा हरला, त्यावर मी अधिक लिहिणार नाही. एडलमन तर केंट स्टेट विद्यापीठात क्वार्टरबॅक होता. त्याला २००९ च्या सातव्या फेरीत, २३२ व्या क्रमांकावर घेऊन रिसीव्हर बनवले आणि दहा वर्षांनी तो सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

बारकाईने पाहिले तर यात एक सूत्र आहे. दुसऱ्या संघांत तयार झालेला, मोठ्या मैदानावर तपासून झालेला खेळाडू ओळखण्यात बेलिचिक पटाईत होते. मधल्या भागात खेळणारे लहान चणीचे, चपळ, चिवट रिसीव्हर घडवण्यातही त्यांचा हात कोणी धरला नाही. पण कडेने खोल धावणारा तरुण खेळाडू महाविद्यालयातून निवडून मोठा करणे त्यांना जमले नाही, ब्रँचचा अपवाद सोडला तर. ज्याला स्वतःची ही उणीव कळते तो त्या कामासाठी दुसऱ्याचा सल्ला घेतो. येथे तो सल्ला ऐकण्याची सक्ती करणारे कोणी नव्हते.

नवखे रिसीव्हर याच संघात जास्त का अडखळले?

हा दोष केवळ निवडीचा नव्हता. पेट्रियट्सच्या आक्रमणात रिसीव्हरला ठरलेली रेघ गिरवून चालत नसे. समजा तिसरा प्रयत्न आहे आणि सहा यार्ड हवे आहेत. रिसीव्हर पाच-सहा ढांगा सरळ धावतो. तेवढ्या वेळात त्याला पाहायचे असते की समोरचा बचावपटू आतल्या अंगाने उभा आहे की बाहेरच्या, आणि त्याच्या मागे खोलवर राखण करणारा एक आहे की दोन. त्यावरून त्याने आत वळायचे, बाहेर वळायचे की मोकळी जागा पाहून थांबायचे, हे स्वतः ठरवायचे. तिकडे ब्रेडी तीच बचावरचना वाचून रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू हातातून सोडून देतो. दोघांनी एकच उत्तर काढले तर झेल, वेगवेगळे काढले तर चेंडू रिकाम्या गवतावर किंवा प्रतिस्पर्ध्याच्या हातात.

एडलमनला आणि वेल्करला हे जमले, कारण त्यांनी ब्रेडीबरोबर अनेक उन्हाळे सराव केला. एकवीस वर्षांच्या मुलाला ते पहिल्या चार महिन्यांत यावे, ही अपेक्षा अवघड आहे. एकदा चुकीच्या बाजूला वळलेल्या नवख्याकडे ब्रेडी पुन्हा चेंडू फेकायला फारसा राजी नसे, हेही मान्य केले पाहिजे. तथापि पद्धत इतकी कठीण आहे हे ज्यांना सर्वांत चांगले ठाऊक होते, तेच निवड करत होते. रणगाड्यासारखा मुलगा निवडायचा आणि त्याच्याकडून बुद्धिबळाची अपेक्षा ठेवायची, यात मुलाचा दोष किती आणि निवडणाऱ्याचा किती, हे वाचकांनी ठरवावे.

ब्रेडी याच कारणाने संघ सोडून गेला का?

एकाच कारणाने कोणी वीस वर्षांचे घर सोडत नाही. वय, कराराची मुदत, बेलिचिक यांच्याशी आलेला दुरावा, असे बरेच काही होते. पण २०१९ चा हंगाम पाहिलेल्या माणसाला रिसीव्हरचा मुद्दा दुय्यम वाटणार नाही. सप्टेंबरमध्ये अँटोनियो ब्राउन हा दुसराच ब्राउन रिसीव्हर म्हणून आला, एक सामना खेळला आणि मैदानाबाहेरच्या आरोपांमुळे अकरा दिवसांत गेला. ऑक्टोबरमध्ये अटलांटाला दुसऱ्या फेरीची निवड देऊन मोहमद सानू हा रिसीव्हर आणला. त्याने आमच्यासाठी एकूण २६ झेल घेतले आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधीच त्याला सोडून देण्यात आले.

४ जानेवारी २०२० च्या रात्री फॉक्सबरोच्या आमच्या घरच्या मैदानावर टेनेसीविरुद्ध बाद फेरीचा सामना होता. ए. जे. ब्राउन समोरच्या संघात होता. खरे सांगायचे तर त्या रात्री ब्राउनला एकच झेल मिळाला आणि सामना त्यांच्याच डेरिक हेन्रीने १८२ यार्ड धावून खेचून नेला. अखेरच्या काही सेकंदांत, एका गुणाने मागे असताना, आपल्याच गोलरेषेजवळून ब्रेडीने सानूच्या दिशेने चेंडू फेकला. तो पूर्वी आमच्याच संघात असलेल्या लोगन रायनच्या हातात पडला आणि रायन थेट टचडाउन करून आला. पेट्रियट्सच्या पोशाखातला ब्रेडीचा तो शेवटचा पास. माझ्या शेजारी बसलेल्या भाच्याने दूरचित्रवाणीचा आवाज बंद केला आणि बराच वेळ कोणीच उठले नाही.

मार्चमध्ये ब्रेडी टँपा बेला गेला, जेथे माइक एव्हन्स आणि ख्रिस गॉडविन हे दोन खणखणीत रिसीव्हर आधीच होते. ग्रॉन्कोव्स्कीही निवृत्ती मोडून तेथे गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी कॅन्सस सिटीला ३१-९ असे हरवून सुपर बोल जिंकला. आम्ही घरी बसून पाहिला.

जकोबी मायर्सचे नाव निघाले की चाहते एवढे का हळहळतात?

‘पिकते तेथे विकत नाही’ ही म्हण त्याच्यासाठीच बनवली असावी. ज्या २०१९ मध्ये हॅरीवर पहिल्या फेरीची निवड खर्च झाली, त्याच वर्षी सातही फेऱ्यांत कोणी न घेतलेला मायर्स हा रिसीव्हर चालत आला आणि २०२० ते २०२२ असे सलग तीन हंगाम संघाचा सर्वाधिक यार्ड मिळवणारा खेळाडू ठरला. डिसेंबर २०२२ मध्ये लास व्हेगासच्या रेडर्स संघाविरुद्ध बरोबरीत असलेल्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी त्याने मागे फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलून टचडाउन केला, ही त्याची घोडचूक होती आणि तिची टिंगल देशभर झाली. तरीही माणूस गुणी होता.

मार्च २०२३ मध्ये तो मोकळा झाला तेव्हा रेडर्सने त्याच्याशी तीन वर्षांसाठी ३ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. पेट्रियट्सने त्याच्या जागी जूजू स्मिथ-शूस्टरला कमाल रकमेच्या हिशेबाने तेवढ्याच पैशांत, तेवढ्याच वर्षांसाठी घेतले. त्या हंगामात मायर्सने ८०७ यार्ड आणि आठ टचडाउन केले. स्मिथ-शूस्टरने २६० यार्ड आणि एक. पुढच्या वर्षी मायर्सने हजाराचा टप्पा ओलांडला, तोवर स्मिथ-शूस्टरला संघाने सोडूनही दिले होते. पैसे वाचले असते तर निदान कंजूषपणाचे समाधान मिळाले असते.

२०२२ च्या प्रशिक्षकांच्या नेमणुकीचा या विषयाशी काय संबंध?

निवड चुकली तरी शिकवणारा चांगला असेल तर थोडेफार निभावते. २०२१ मध्ये नवखा क्वार्टरबॅक मॅक जोन्स संघाला बाद फेरीपर्यंत घेऊन गेला होता. आक्रमणाचे प्रशिक्षक जॉश मॅकडॅनियल्स त्यानंतर रेडर्सकडे गेले आणि त्यांच्या जागी बेलिचिक यांनी चाली पुकारण्याचे काम मॅट पॅट्रिशिया यांच्याकडे दिले, ज्यांचा बहुतेक अनुभव बचावाचा. क्वार्टरबॅकना शिकवायला जो जज, जे किकच्या वेळी उतरणाऱ्या विशेष पथकांच्या प्रशिक्षणातून वर आलेले. दोघेही इतरत्र मुख्य प्रशिक्षक म्हणून अपयशी ठरून परतलेले विश्वासू सहकारी होते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. जोन्स त्यानंतर सावरला नाही, २०२३ मध्ये संघ ४-१३ वर, म्हणजे चार विजय आणि तेरा पराभवांवर आला आणि ११ जानेवारी २०२४ रोजी बेलिचिक आणि पेट्रियट्स वेगळे झाले.

ते गेल्यावर तरी निवड सुधारली का?

पहिल्या वर्षी नाही. २०२४ मध्ये जेरॉड मेयो प्रशिक्षक झाले, खेळाडूंची निवड एलियट वुल्फ यांच्याकडे आली आणि तिसऱ्या क्रमांकावर ड्रेक मे हा उत्तम क्वार्टरबॅक त्यांनी अचूक निवडला. मग दुसऱ्या फेरीत आमच्याकडे असलेला ३४ वा क्रमांक चार्जर्सला देऊन ते ३७ व्या क्रमांकावर खाली सरकले. चार्जर्सने ३४ वर लॅड मॅकॉन्की घेतला आणि त्याने त्या हंगामात ८२ झेल व १,१४९ यार्ड मिळवले. आम्ही ३७ वर जालिन पोल्क घेतला, त्याचे १२ झेल आणि ८७ यार्ड झाले. माणसे बदलली तरी वाडा तोच, असे त्या हिवाळ्यात कोणाला वाटले असेल तर मी त्याला दोष देणार नाही. मेयो एका हंगामानंतर, पुन्हा ४-१३ वर, पदावरून दूर झाले.

आता परिस्थिती कशी आहे?

जानेवारी २०२५ मध्ये माइक व्रेबल प्रशिक्षक झाले, तेच जे २०२० च्या त्या रात्री टेनेसीचे प्रशिक्षक म्हणून समोर उभे होते. ते पूर्वी पेट्रियट्सचे बचावपटू होते आणि बचावपटू असूनही त्यांनी दोन सुपर बोलमध्ये टचडाउनचे झेल घेतले होते, हा योगायोग मला फार आवडतो. मार्चमध्ये स्टेफॉन डिग्ज या एकतीस वर्षांच्या अनुभवी रिसीव्हरला आणले गेले. पाच हंगाम एडलमननंतर एकानेही हजार यार्ड गाठले नव्हते, ते डिग्जने गाठले. फेब्रुवारी २०२६ मध्ये संघ सुपर बोलमध्ये पोहोचला आणि सिअॅटलकडून हरला.

यश मोठे आहे, परंतु जुना प्रश्न त्याने सुटत नाही. डिग्ज बाहेरून तयार होऊन आलेला खेळाडू होता, म्हणजे मॉस आणि वेल्करचाच जुना रस्ता. महाविद्यालयातून निवडलेला, कडेने धावणारा रिसीव्हर या संघाने कधी घडवला, असे विचारले तर अजूनही आपण ब्रँचपाशी, म्हणजे २००२ पाशी येऊन थांबतो.

हॅरीवर किंवा पोल्कवर राग धरावा का?

अजिबात धरू नये. आपले नाव कितव्या क्रमांकावर पुकारले जावे, हे खेळाडू ठरवत नाही.

मुलाने पेट्रियट्सची जर्सी मागितली तर कोणाची घ्यावी?

रिसीव्हरची घेऊ नये. माझ्या कपाटात हॅरीची १५ क्रमांकाची जर्सी आहे. तिसऱ्या हंगामात त्याने क्रमांक बदलून १ घेतला, त्यामुळे तो संघात असतानाच ती जुनी झाली. ड्रेक मेची १० क्रमांकाची घ्यावी, तो बराच काळ राहील असे दिसते. २०२१ ते २०२३ या काळात घेतलेली १० क्रमांकाची जर्सी घरात आधीच असेल तर मात्र पाठीवरचे नाव वाचून पाहावे. ती मॅक जोन्सची आहे.